पहिली नोंद

रुचीने भूत शोधलं आणि ती बाई आली. रविवारची सकाळ होती, अकरा वाजून गेले होते, खाली कचरागाडी आपलं गाणं वाजवत शेवटच्या इमारतीपाशी वळत होती, आणि माझ्या हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती तीन मुलं आणि चार स्टीलचे डबे होते. रविवारी मी सोसायटीतल्या मुलांना कॉम्प्युटरची पायथन भाषा शिकवते. छत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाल्यावर ही भाषा स्वतः शिकले, आणि एखादी गोष्ट आपल्याला आली की ती दुसऱ्याला दिल्याशिवाय मला बरं वाटत नाही. त्या दिवशी डब्यातल्या डब्यांचा धडा होता. मोठ्या डब्यात तीन छोटे डबे, प्रत्येक छोट्या डब्यावर चिठ्ठी, आत काहीतरी: शेव, खडीसाखर, बडीशेप. पायथनमधल्या डिक्शनरीच्या आत डिक्शनरी म्हणजे हेच, असं सांगून मी झाकणं आणायला स्वयंपाकघरात गेले. तेवढ्यात रुचीने माझ्या लॅपटॉपवर ‘शुक्रवार’ नावाची फाइल उघडली. ती उघडायची नाही हे मुलांना ठाऊक आहे, म्हणूनच उघडली. त्या फाइलमध्ये तीन जागा होत्या, नाव, वय आणि खूण. माझं लिहिलेलं पुसून तिने नावाच्या जागी ‘भुतोबा’ लिहिलं, वयाच्या जागी नऊशे, खुणेच्या जागी ‘उलटे पाय’, आणि बटण दाबलं. “मॅडमजी, जल्दी या! भूत निकल आया!” ती ओरडली, आणि मी झाकणं हातात घेऊन दारात उभी राहिले. पडद्यावर ती बाई होती. पांढरे, कातरलेले केस, निळ्या काठाचं लुगडं, आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही, थोडी खाली. वहीत मान घातलेल्या मुलाकडे पाहावं तशी.

त्या बाईला मी दोन वर्षं ओळखत होते. ओळखत होते म्हणजे दर शुक्रवारी, जेवण झाल्यावर, पडदे ओढून घेतले की पाहत होते. रस्त्यावर सापडलेल्या, स्वतःचा पत्ता सांगता न येणाऱ्या माणसांना ठेवून घेणारी एक संस्था आहे; माळव्यात तिची पाच-सहा केंद्रं आहेत. त्यांच्याकडच्या नोंदी सगळ्यांना दिसत नाहीत. माझी जुनी विद्यार्थिनी प्रमोदिनी, तिचा मुलगा विपुल इथेच विजय नगरात एका कंपनीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी त्या संस्थेचं काम करतो. त्याने मला एक किल्ली दिली. किल्ली म्हणजे लांबलचक अक्षरांची ओळ. “आजी, पाच-पाच नोंदी मागवा,” तो म्हणाला होता, “आणि जे शोधायचं ते फिल्टरमध्ये टाका, बस.” मग मी माझ्या पद्धतीने नीटनेटका प्रश्न मांडला होता. बाहेरच्या डब्यात दोन वस्तू: नोंदी किती हव्या, आणि फिल्टर नावाचा आतला डबा. त्या आतल्या डब्यात नाव देवदत्त, वय साठ, खूण डाव्या भुवईतला व्रण. लिहून झाल्यावर मला त्याचा अभिमान वाटला होता. वहीत पहिल्यांदा सुबक उदाहरण सोडवलेल्या मुलीसारखी मी त्या चार ओळींकडे पाहत बसले होते.

दर वेळी पाच नोंदी येत. पहिली ती बाई, मग चार पुरुष. एक केरळातला, एकाला एक पाय नाही, दोघं फार म्हातारे. चौघांत देवदत्त नाही. पुढच्या शुक्रवारी तेच चौघं, म्हणजे नवीन कोणी आलेलं नाही, असं मी समजे. आणि पुरुषाला शोधताना बाई सगळ्यांत वर का येते, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला होता. पण मी इंदूरची. आमच्याकडे लग्न ठरलं की पहिली पत्रिका खजरान्याच्या गणपतीला जाते; तो जेवायला येणार नसतो, तरी यादीत पहिलं नाव त्याचं. या बाईलाही संस्थेने तसंच वर बसवलं असेल, जिला शोधायला कोणीच येत नाही तिला सगळ्यांच्या आधी पाहायचं, असा त्यांचा काही नेम असेल, असं मी ठरवून टाकलं होतं. विपुलला विचारलंही नाही. उलट मी पहिल्या नोंदीपाशी क्षणभर हात जोडू लागले होते. तिच्या फोटोखाली शेरा होता: ‘नाव सांगत नाही. दिवसभर पाढे विचारते.’ तो वाचला की मला वाटे, ही आपल्यातलीच. मग हळूहळू मला तिच्याकडे पाहणं जड जाऊ लागलं. आरशासमोर केस विंचरताना माझी मानही तशीच थोडी खाली असते, हे एका शुक्रवारी माझ्या ध्यानात आलं आणि त्यानंतर मी तिच्या नोंदीवरून लवकर पुढे जात असे.

“मॅडमजी, ही कोण?” संहिताने विचारलं. ती आठ वर्षांची, सगळ्यांत लहान. मी काही बोलायच्या आत तिने रुचीला बाजूला सारून स्वतःचं नाव टाइप केलं, वय आठ, खूण ‘पुढचा दात पडलाय’. बटण दाबलं. ती बाई आली. संहिता हसली नाही. तिने जिभेने दाताची रिकामी जागा चाचपली आणि ती खुर्ची मागे घेऊन बसली. “अरे यार, ये तो सबको पहचानती है,” यशोधन म्हणाला. तो सहावीत आहे आणि त्याला सगळ्याची गंमत वाटते. त्याने तिन्ही जागा कोऱ्या ठेवल्या, काहीच विचारलं नाही, आणि बटण दाबलं. ती बाई आली. तीच खाली झुकलेली नजर, तेच काठ. “देख लो भिया, बुलाओ मत बुलाओ, आंटी हाजिर!” तो म्हणाला, आणि रुचीला हसू आवरेना. मी टेबलाची कडा धरून उभी होते. मनात आलं, आपलं नाव घालून पाहावं. यशोधरा, एकोणसत्तर. पण ते मी घातलं नाही. घालवेना. ती येणार हे मला ठाऊक होतं, आणि आपल्या नावाखाली तिचा चेहरा पाहिल्यावर मग तिथून परत कुठे यायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

उत्तर चुकलं की आधी प्रश्न पुन्हा वाचायचा, हे मी आयुष्यभर मुलींना सांगितलं. उत्तर मी कधीच सांगितलं नाही. मी वाट पाहायची. फळ्यापाशी मुलगी उभी असे, खडू हातात, वर्ग खुसखुसत असे, आणि मी खिडकीशी जाऊन बाहेर पाहत थांबे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. उत्तर मुलाच्या आत असतं, ते त्याचं त्याने काढायचं, आपण घाई केली तर ते आतच मरतं, असं मला वाटे, अजूनही वाटतं. या गोष्टीबद्दल लोक मला चांगलं म्हणत. यशोधराबाई कधी ओरडत नाहीत, म्हणत. देवूलाही, माझ्या धाकट्या भावाला देवदत्तलाही, मी असंच शिकवलं. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई त्याच्या बाळपणीच गेली, तेव्हा शिकवणं, जेवू घालणं, दोन्ही माझ्याकडे. शाळेतून आला की तो दार वाजवी, मी आतून विचारी, “सात पंचे?” तो बाहेरून ओरडे, “पस्तीस!” की मी कडी काढी. आमचा खेळ होता तो. पाच वर्षांचा असताना उत्तर बरोबर आलं म्हणून तो इतक्या जोराने आत घुसला, की लोंबती कडी डाव्या भुवईत लागली. तीन टाके पडले. रक्ताने सदरा भिजला होता आणि हा टाके पडेपर्यंत डॉक्टरांना पाढे म्हणून दाखवत होता.

“आपण काय करायचं आता?” मी मुलांना विचारलं. माझा आवाज मला लांबून आला. “प्रश्न वाचायचा,” रुची कंटाळलेल्या सुरात म्हणाली. ती माझंच वाक्य मला परत देत होती. “पण आपण तर वाचलाच ना. बरोबर लिहिलंय.” मी म्हटलं, आपण लिहिला तो नाही. गेला तो. आपण लिहितो ते एक, आणि प्रत्यक्ष सर्व्हरच्या, म्हणजे संस्थेच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, दाराशी जाऊन पोहोचतं ते एक. दोन्ही तेच असेल असं कशावरून? दोन वर्षांत मी हे एकदाही पाहिलं नव्हतं. मी एक ओळ वाढवली, पाठवलेला पूर्ण पत्ता छापून दाखव अशी. माझा खरा प्रश्न पुन्हा भरला, देवदत्त, साठ, व्रण. पत्ता छापला गेला. त्याची शेपटी अशी होती: limit=5&filter=name&filter=age&filter=mark. यशोधनने मोठ्याने वाचली. मग म्हणाला, “बस? इतकंच? देवदत्त किधर है?”

देवदत्त नव्हता. साठ नव्हते, व्रण नव्हता. मी मोठा डबा जवळ ओढला आणि तीन छोटे डबे बाहेर काढले. हातांना काम हवं होतं. मुलांना दाखवलं. आपला प्रश्न घेऊन जाणारी ही जी लायब्ररी, म्हणजे कोणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड, आहे ना, तिला सपाट यादी कळते. एका नावापुढे दोन-चार गोष्टी असल्या तरी ती एकेक उचलून लावते. पण तिला डब्यात डबा दिला, तर आतला डबाही ती यादीच समजते, आणि डिक्शनरीवरून यादीसारखा हात फिरवला की हाताला लागतात त्या नुसत्या चिठ्ठ्या. मी चिठ्ठ्या सोलून टेबलावर ठेवल्या. नाव. वय. खूण. “या गेल्या. शेव, साखर, बडीशेप इथेच राहिली.” “और उसने बताया भी नहीं?” रुची म्हणाली. नाही बेटा. तिच्या दृष्टीने चूक झालीच नाही. सर्व्हरनेही ओरडून सांगितलं नाही. त्याला चिठ्ठ्यांतून काही समजलं नाही, म्हणून त्याने त्या सोडून दिल्या आणि आपल्या यादीतले पहिले पाच दिले. पाच तेवढे पोहोचले होते, ते बाहेरच्या डब्यात होते. “मतलब ती आंटी पहिला नंबर आहे, म्हणून येते?” “हो. म्हणून येते.” मुलांचं समाधान झालं. भूत गेलं, आणि त्यांनी शेव खायला घेतली. मला मात्र आता भीती वाटू लागली. दोन वर्षं, शंभराच्या वर शुक्रवार, मला मिळालेलं प्रत्येक ‘नाही’ हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतंच. मी दारावर गेलेच नव्हते.

दार म्हटलं की मला ती दुपार दिसते. एकेचाळीस वर्षं झाली. देवूची गणिताची सप्लिमेंट्री होती त्या दिवशी. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी तो गणितात नापास झाला होता, माझा भाऊ, आणि घरात आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो. मी कुकर लावला होता. दार वाजलं. पेपर कसा गेला हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. वाटलं, जरा हसवावं. मी आतून विचारलं, “सात नवे?” बाहेर काही नाही. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, फळीच्या पलीकडे, नाकातून येणारा, शिट्टीसारखा थोडा. त्याला लहानपणापासून तसा होता. पुन्हा विचारलं, “देवू, सात नवे?” तो श्वास घेत राहिला. मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. उत्तर सांगायचं नाही, थांबायचं. मी कडीवर हात ठेवून थांबले. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, मी गॅस बंद करून पुन्हा येऊन थांबले. मला राग आला नव्हता, हे मी शपथेवर सांगते. मी शांत होते. मी इतकी शांत होते की चपलांचा आवाज जिना उतरून गेला, तरी मी थोडा वेळ तशीच उभी राहिले. कडी काढली तेव्हा उंबऱ्याबाहेर त्याची कंपासपेटी होती.

साडेबारा झाले होते. संहिताची आई तिला न्यायला आली, यशोधनला खालून हाका सुरू झाल्या. रुची जाताना म्हणाली, “मॅडमजी, पुढच्या संडेला भूत परत करूया?” मी हो म्हटलं, तिच्यामागे दाराची कडी लावली आणि लॅपटॉपसमोर येऊन बसले. आतला डबा मोडला. प्रत्येक चिठ्ठी तिच्या वस्तूसकट बाहेर आणली आणि सपाट लिहिली: फिल्टर, मग चौकोनी कंसात नाव, पुढे देवदत्त, तसंच वय, तशीच खूण. या सर्व्हरला तसंच लागतं, विपुलने किल्लीसोबत दिलेल्या टिपणात पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं. मी ते सोपं समजून ओलांडलं होतं. बटण दाबलं. पडदा रिकामा आला. शून्य नोंदी. दोन वर्षांत पहिल्यांदा ती बाई आली नाही, आणि मी चक्क टेबलाखाली वाकून पाहिलं, कोणी उठून गेल्यासारखं वाटलं म्हणून. मग स्वतःला म्हटलं, एक-एक पायरी. तो नाव सांगत नसेल. नाव काढून टाकलं. शून्य. वय लोकांनी अंदाजाने लिहिलं असेल. वयही काढलं. उरली खूण. एक नोंद आली.

क्रमांक त्रेचाळीस. फोटोत एक वाकलेला माणूस, तपकिरी स्वेटर, पांढरी दाढी. चेहरा मला ओळखू आला नाही, हे मी लपवत नाही. डावी भुवई मधोमध तुटलेली होती. नाव कोरं. वय पासष्ट असावं, असं लिहिलं होतं. आल्याची तारीख माझ्या पहिल्या शुक्रवारच्या पंधरा दिवस आधीची. केंद्र सांवेरच्या पुढचं; घरापासून बसने तास-दीड तास. आणि शेरा: ‘बोलत नाही. नोंद क्र. १ सोबत बसतो.’ मी पहिली नोंद पुन्हा मागवली. आता तिच्याकडे न पाहता फोटोच्या उजव्या कडेला पाहिलं. तिथे एक कोपर होतं, तपकिरी, लोकरीचा धागा निघालेलं. ते तिथे दर शुक्रवारी होतं. मला आठवलं, मी ते पाहिलंही होतं, आणि फोटो नीट कापला नाही म्हणून मनातल्या मनात त्याचा एक मार्क कमी केला होता.

केंद्राचा फोन नीरज नावाच्या कार्यकर्त्याने उचलला. मला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर, डब्यांच्या मधोमध ठेवला. त्रेचाळीस नंबर म्हटल्यावर तो हसला, आपल्या घरातल्या माणसाचं कोणी नाव काढल्यावर हसावं तसा. “अच्छा, बाबा! बाबा बढ़िया हैं मैडमजी. किसी से बात नहीं करते, बस दीदी के साथ लगे रहते हैं.” मी विचारलं, कोण दीदी. “एक नंबर वाली. मराठी में पहाड़े पूछती हैं. बाबा आए तब दो-चार दिन एकदम चुप थे, फिर एक दिन दीदी ने अंदर से पूछा और ये बाहर से बोल पड़े. तब से रोज़ का है. दीदी कमरे में जाकर कुंडी लगा लेती हैं, बाबा दरवाज़े पे खड़े. अभी भी वही चल रहा है, सुनिए.” मग त्याच्या चपलांचा आवाज, एक लांब व्हरांडा, कुठे तरी ट्रॅक्टर. “पण तुम्ही कोण, मैडमजी?” तो मधेच मराठीत म्हणाला. “बाबा की बहन तो यही है ना. हम सबको पता है. आपका नाम क्या लिखूँ? रिश्ता?”

मी तोंड उघडलं. नाव, एवढं म्हणाले. मग रिश्ता, असं म्हणाले. शब्द बाहेर येत होते आणि त्यांच्या पुढे यायचं ते येत नव्हतं. टेबलावर चिठ्ठ्या पडल्या होत्या, त्यांच्याकडे पाहत मी पुन्हा म्हणाले, नाव. “हॅलो? नेटवर्क जा रहा है क्या?” नीरज म्हणाला, आणि त्याच वेळी त्याच्या मागून, लाकडाच्या आडून आल्यासारखा, एक बाईचा आवाज आला. “सात साते?” शांत आवाज, घाई नसलेला. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचावा म्हणून मी छत्तीस वर्षांत घडवलेला आवाज. “एकोणपन्नास,” पुरुषाचा आवाज म्हणाला. म्हातारा, घोगरा. “सात आठे?” “छप्पन.” “सात नवे?”

ट्रॅक्टर बंद झाला. “बस, यहीं अटकते हैं,” नीरज कुजबुजला. “रोज़. वो खोलती नहीं, ये हटते नहीं. चाय के टाइम हम ही जाकर खुलवाते हैं.” मग तोही गप्प झाला असावा, किंवा त्याने फोन त्या बाजूला नेला असावा, कारण मला श्वास ऐकू आला. नाकातून येणारा, शिट्टीसारखा थोडा. “सात नवे?” बाईने पुन्हा विचारलं, तितक्याच मायेने, आणि ती थांबली. ती किती छान थांबत होती. तिच्या थांबण्यात राग नव्हता, कंटाळा नव्हता. ती कडीवर हात ठेवून उभी आहे हे मला दिसत होतं, हाताला लोखंड गार लागतंय हेही. ती अशीच उभी राहणार होती. चहापर्यंत, उद्या पुन्हा, एकेचाळीस वर्षं. मी फोनवर वाकले, इतकी की ओठ काचेला लागले. आयुष्यात एकाही मुलाला मी उत्तर सांगितलं नव्हतं.

“त्रेसष्ट,” मी म्हणाले.

पलीकडचा श्वास थांबला. मग कडी सरकल्याचा आवाज आला, लोखंडावर लोखंड. तो फोनमधून आला की माझ्या पाठीमागच्या दारातून, ते पाहायला मी वळले नाही.

“ये,” मी म्हटलं. “आत ये, देवू.”